पहिल्या घराची सवलत कोणाच्या पदरात?



ऊस नोंदीच्या निमित्ताने शिवारात हिंडताना उसाबरोबर घरच्याही गोष्टी निघतात. परवा बांधावर एका जुन्या सभासदाने विचारले, "साहेब, पोरगा पुण्यात फ्लॅट घ्यायचं म्हणतोय. पहिल्या घराला सरकार करात सूट देतं म्हणे. वीस गुंठे काढू का?" हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही, म्हणून येथे चार शब्द लिहितो.

घरांचा बाजार बसला की सरकारे हा उपाय करतात. अमेरिकेत घरांचे भाव कोसळल्यावर २००८ साली तेथील सरकारने पहिले घर घेणाऱ्यास ७,५०० डॉलरपर्यंत करसवलत दिली. पण ती १५ वर्षांत हप्त्याहप्त्याने परत करायची होती. म्हणजे नाव सवलतीचे, प्रकार बिनव्याजी कर्जाचा. फेब्रुवारी २००९ मध्ये ती ८,००० डॉलर केली आणि तीन वर्षे त्याच घरात राहिल्यास परतफेड माफ केली. त्यात एक गोष्ट खरोखर चांगली होती. ही सूट थेट करातून होती, आणि कर तितका बसत नसेल तर उरलेली रक्कम सरकार हातात देत होते. त्यामुळे बेताच्या पगाराचा माणूसही लाभात आला.

पण पुढे काय झाले? सौदा करण्याची शेवटची तारीख ३० एप्रिल २०१० ठरली. तोवर गिऱ्हाइकांची धांदल उडाली. मग जुलै २०१० मध्ये जुन्या घरांची विक्री जूनच्या मानाने सुमारे २७ टक्क्यांनी घसरली. आपल्या भाषेत सांगायचे तर कोवळा ऊस आधीच तोडून गाळप वाढवले, आणि हंगामाच्या शेवटी गव्हाण रिकामी पडली. काही नवी गिऱ्हाइके आली हे खरे. पण पुष्कळशी पुढे येणारीच होती, ती आधी आली एवढेच.

आपल्याकडे २०१९ च्या अर्थसंकल्पात अशीच सवलत आली. नावावर दुसरे राहते घर नाही आणि घ्यायच्या घराचे मुद्रांक मूल्य ४५ लाखांच्या आत आहे, अशा कर्जदाराला व्याजापोटी दीड लाखापर्यंत जादा वजावट मिळू लागली. मात्र ३१ मार्च २०२२ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच ती लागू होती. आज नवे कर्ज काढून ती मिळायची नाही, हे आधी ध्यानात घ्यावे.

शिवाय ही वजावट उत्पन्नातून होती, करातून नव्हे. हिशेब सोपा आहे. दीड लाखावर ३० टक्के कर भरणाऱ्याचे ४५,००० रुपये वाचले, २० टक्के भरणाऱ्याचे ३०,००० वाचले, आणि ज्याला कर बसतच नव्हता त्याचे शून्य. म्हणजे ज्याला गरज जास्त त्याच्या ताटात कमी. शेतीचे उत्पन्न तर केंद्राच्या प्राप्तिकरातून मुक्तच आहे. तेव्हा नुसत्या उसावर जगणाऱ्या सभासदाला यातला एक पैसाही मिळाला नाही. आणि गंमत अशी, की मुलाच्या फ्लॅटची पहिली रक्कम मात्र बापाच्या ऊसबिलातूनच जाते!

कोणी म्हणेल, घरे खपली की गवंडी, सुतार, वीटभट्टीवाला सगळ्यांना काम मिळते. मान्य आहे. मंदीत सरकारने हात दिलाच पाहिजे. पण तो कराच्या वहीतून न देता सरळ द्यावा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातील लाभार्थ्याला १ लाख २० हजार रुपये हप्त्याने थेट खात्यावर देण्याची पद्धत आहे. तेथे मदत मिळायला कर भरणारा असावे लागत नाही; उलट प्राप्तिकर भरणारे कुटुंब वगळले जाते. रक्कम अपुरी आहे, ती वाढवावी. पण वाट तीच बरोबर आहे. मुदतीचे गाजर दाखवले की घेणारा घाईला येतो, आणि त्याची घाई दिसली की विकणारा भाव सोडत नाही. मग सवलतीचा मोठा वाटा कोणाच्या खिशात जातो, ते वेगळे सांगायला नको.

त्या सभासदाला मी इतकेच म्हणालो, "दादा, मुलाच्या पगारात हप्ता बसत असेल तर फ्लॅट जरूर घेऊ द्या. पण सवलतीकडे बघून जमीन काढू नका. कर्ज मंजूर व्हायच्या आधी करसल्लागाराला विचारा, की आज कोणती सवलत चालू आहे आणि ती पोराला लागू होते का." सवलत आज असते, उद्या जाते. विकलेले वीस गुंठे मात्र परत सातबाऱ्यावर येत नाहीत.

— ऊस विकास अधिकारी