यंत्र तपासते, विचारतो कोण?

२०२० च्या नोव्हेंबरात, शाळांना कुलपे असताना, राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'स्वाध्याय' नावाचा उपक्रम सुरू केला. पहिली ते दहावीच्या मुलांना दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर विषयवार दहा प्रश्न येत. पर्याय निवडला की उत्तर बरोबर की चूक हे तत्काळ कळे आणि चुकलेल्या भागासाठी चित्रफीत मिळे. तपासणारा माणूस नव्हताच. कल्पना तशी जुनी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी १९५० च्या दशकातच शिकवणारे यंत्र बनवले होते.

आता दिवाळीच्या मागेपुढे आपल्या बीड जिल्ह्यात काय असते ते वाचकांना सांगायला नको. कोयते बांधले जातात आणि पाटोदा, शिरूर, धारूरच्या वाड्यावस्त्यांवरून गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे नि कर्नाटकाकडे निघतात. ज्या घरात फोन एकच, तिथे तो बापाच्या खिशातून फडावर जातो. म्हातारीजवळ मागे राहिलेल्या पोराला मग कुठला स्वाध्याय? उलट आईबापांबरोबर गेलेल्या पोराच्या हाती रात्री कोपीत तोच फोन आला, तर शाळेचा तेवढाच धागा उरतो. म्हणून या यंत्राला नाके मुरडणाऱ्यांत मी नाही.

तथापि, एक साधे गणित घ्या. १/२ अधिक १/३ किती? एकाने २/५ निवडले. त्याने वरचे वर आणि खालचे खाली मिळवले. दुसऱ्याने २/६ निवडले. त्याला समान छेद ठाऊक आहे, पण अंश बदलायचे तो विसरला. दोघांच्या चुकांत जमीनअस्मानाचा फरक! नुसते 'चूक' म्हणून दोघांना एकच चित्रफीत दाखवली, तर तो फरक तसाच राहतो. 'असे का केलेस?' हे विचारायला कुणीतरी हवे.

गुरुजनांनी राग मानू नये, पण आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांना तरी हे कोण विचारते? सत्र परीक्षेनंतर हाती येतो तो आकडा. यंत्र निदान चूक कुठे ते दाखवते. आता तर निबंध वाचून शेरा देणारी यंत्रेही आली आहेत. (माझ्या 'कोपी'ची ती 'कॉपी' करणार नाहीत अशी आशा आहे.) 'स्वयम्'वरील अभ्यासक्रमांतून ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली दिली, म्हणजे हा प्रश्न धाकट्या भावंडांपुरता राहिलेला नाही.

माझी सूचना एवढीच. आपले राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर हिवाळ्यात, नेमके गावे रिकामी असताना भरते. ज्या गावात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह असेल, तिथे ते न्यावे. आपल्यापैकी प्रत्येकाने स्वतःचा फोन चार मुलांपुढे ठेवावा, त्यांना प्रश्न सोडवू द्यावेत आणि यंत्राने चूक म्हटले की शेजारी बसून कारण विचारावे. रोज दोन तास पुरेत. त्यापायी शोषखड्डे खणायचे राहिले तरी चालेल; गेल्या वर्षीचे अजून तसेच उघडे आहेत.