आई-बापांची आयात थांबवा

परदेशात स्थायिक झालेल्या मुलाने साठी-सत्तरीच्या आईला कायमचं तिकडे बोलावणं, याला आपल्याकडे अजून भाग्य म्हणतात. लग्नकार्यात भेटणारी माणसं विचारतात, "मग, आता कायमच्या कधी जाणार?" जाणार नाही म्हटलं की चेहरे बदलतात. मुलाशी पटत नसावं, नाहीतर सुनेचं काहीतरी असावं, असा निष्कर्ष पंगत उठायच्या आत निघतो. माझं मुलाशी पटतं आणि सुनेशी त्याहून जास्त पटतं. तरीही मी त्याच्याकडे टेक्सासला कायमची जाणार नाही, आणि माझ्या वयाच्या बहुतेकांनी जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. मायभूमीचं प्रेम हे त्याचं कारण नव्हे. या मायभूमीने म्हाताऱ्यांची जी गत केली आहे, तिचाही हिशेब याच लेखात मांडणार आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की म्हातारपण जिथे स्वतःच्या हक्कावर जगता येतं तिथे काढावं. दुसऱ्याच्या मर्जीवर काढू नये, मग तो दुसरा पोटचा मुलगा का असेना.

ही बोलावणी कधी येतात ते आधी पाहा. कोथरूड, ठाणे, नाशिक, कुठल्याही सोसायटीत चौकशी करा. पहिलं बोलावणं बाळंतपणाचं असतं. आधी सुनेची आई, मग मुलाची आई, अशी पाळी लावलेली असते, कारण अमेरिकेत पर्यटक व्हिसावर एका खेपेला साधारण सहा महिनेच राहू देतात. तिथल्या महागड्या शहरांत तान्ह्या बाळाच्या पाळणाघराला महिन्याला दोन हजार डॉलरच्या आसपास मोजावे लागतात. आजी आली की ते वाचतात, शिवाय दोन्ही वेळचा स्वयंपाक होतो. नातवंडं शाळेत जाऊ लागली की बोलावणी विरळ होतात. पुढे आई-वडिलांपैकी एक जण जातो, दुसरा एकटा उरतो, आणि पुण्याहून अपरात्री येणाऱ्या फोनची मुलाला धास्ती वाटू लागते. मग ग्रीन कार्डाचा अर्ज भरला जातो. आधी त्यांची सोय, नंतर त्यांची धास्ती. आईला स्वतःला कुठे राहायचं आहे, हे दोन्ही वेळा कोणी विचारत नाही. नातवंड मांडीवर घेण्याचं सुख खरं आहे. मी ते घेतलं आहे आणि पुन्हा घेईन. पण त्या सुखाबरोबर जे राबणं येतं त्याला पगार नाही, सुट्टी नाही आणि नकार देण्याची सोयही नाही. त्याला प्रेमाचं नाव देऊन फुकटात उरकणं मला मान्य नाही.

आता कायदे पाहा. श्रीमंत देशांना परक्यांचे म्हातारे नको आहेत आणि त्यांनी ते लेखी सांगून ठेवलं आहे. ब्रिटनने जुलै 2012 मध्ये नियम असे आवळले, की आई-बापाला रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः करता येत नाहीत, आणि मुलाने पैसे पाठवले तरी मायदेशात त्यांची शुश्रूषा होऊ शकत नाही, हे दोन्ही सिद्ध करावं लागतं. इतकी लाचारी सिद्ध झाली तरच दार उघडायचं. ऑस्ट्रेलियात साध्या पालक-व्हिसाची रांग तीस वर्षांच्या घरातली आहे. ज्यांना ती टाळायची आहे त्यांच्यासाठी पैसे भरायचा वेगळा व्हिसा आहे, माणशी चाळीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त रकमेचा. कॅनडाच्या सुपर व्हिसावर 2022 पासून एका खेपेला पाच वर्षं राहता येतं, पण किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा खासगी आरोग्यविमा बरोबर हवा. म्हणजे राहा, पण आजारी पडलात तर आमच्या तिजोरीकडे बघू नका.

राहिली अमेरिका. तिथे मुलगा नागरिक असेल आणि त्याला एकवीस वर्षं पूर्ण असतील तर आई-बापांना वार्षिक कोट्याची अडचण येत नाही. म्हणून सगळे तिकडेच धावतात. पण धावताना ज्या कागदांवर सह्या होतात ते कोणी नीट वाचत नाही. मुलाला हमीपत्र द्यावं लागतं, की या व्यक्तीचा भार मी उचलीन. ती व्यक्ती नागरिक होईपर्यंत किंवा तिथे तिची सुमारे दहा वर्षांची नोकरी भरेपर्यंत ही हमी सुटत नाही. सत्तराव्या वर्षी दहा वर्षांची नोकरी कुठून भरणार? जिने चाळीस वर्षं स्वतःच्या पगारावर घर चालवलं, ती बाई विमानातून उतरताच सरकारदरबारी मुलाची आश्रित होते.

आणि मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीचा तिथला सरकारी आरोग्यविमा? सोसायटीच्या बाकांवर मी रोज ऐकते, "तिकडे काय, म्हाताऱ्यांचं सगळं सरकार बघतं." सरकार बघतं ते आयुष्यभर तिथे कर भरलेल्यांचं. ग्रीन कार्डवर नव्याने गेलेल्या माणसाला मेडिकेअरसाठी आधी सलग पाच वर्षं तिथे राहावं लागतं. त्यानंतरही तिथल्या नोकरीचा हिशेब नसेल तर रुग्णालयाच्या भागाचा हप्ता स्वतः भरायचा: 2025 च्या दराने महिन्याला 518 डॉलर, आणि डॉक्टरांच्या भागाचे 185 डॉलर वेगळे. दोघं नवरा-बायको असाल तर दुप्पट करा आणि आपल्या पेन्शनशी ताडून पाहा. एवढं भरूनही अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दीर्घकाळची शुश्रूषा मेडिकेअर देत नाही. त्यासाठी असलेल्या नर्सिंग होमचा खर्च महिन्याला आठ-नऊ हजार डॉलर आहे. तो भागवायला मुलाने स्वतःच्या मुलांच्या कॉलेजचे पैसे मोडायचे का? असा प्रश्न ज्या घरात उभा राहतो, तिथे म्हाताऱ्याला खोकलाही दाबून धरावा लागतो.

"सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे" हा सगळ्यांचा आवडता तोडगाही तपासा. ग्रीन कार्ड कायम वास्तव्यासाठी दिलेलं असतं. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात की परतताना चौकशी होऊ शकते, आणि परवानगी न काढता वर्षभर बाहेर राहिलात तर कार्डावरच गदा येते. दोन दगडांवर पाय ठेवून जगण्यासाठी हे कार्ड नाही. इकडची आर्थिक घडीही विसकटते. मी सगळी नोकरी बँकेत केली, म्हणून खात्रीने सांगते: कायमचे तिकडे गेलात की साधं बचत खातं अनिवासी खात्यात बदलावं लागतं, आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवं खातं उघडता येत नाही. पेन्शन असेल तर दरवर्षी हयातीचा दाखला परक्या देशातून पाठवायचा. हे सगळं सांभाळायला इथे कुणाला तरी मुखत्यारपत्र द्यायचं. म्हणजे तिकडे मुलावर अवलंबून आणि इकडे भाच्यावर.

एका वर्गाला मात्र माझा हा विरोध लागू नाही. 1965 च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेची दारं उघडली, आणि त्यानंतर जे मराठी डॉक्टर, इंजिनिअर, परिचारिका तिकडे गेले, ते आज स्वतः म्हातारे आहेत. त्यांनी तिथे कर भरला, घरं बांधली, मंडळं उभी केली, 1981 मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना केली. त्यांचं मेडिकेअर त्यांच्या घामाचं आहे. त्यांना "आता मायदेशी या" म्हणून गहिवर घालणाऱ्यांनी गप्प बसावं. मेडिकेअर पुण्यातल्या बिलाला एक डॉलर देत नाही, हे त्या गहिवरणाऱ्यांना ठाऊकही नसतं. त्यांचा हक्क तिथे आहे, त्यांनी तिथे राहावं. यायचं असेल तर स्वतःच्या हिशेबाने यावं. माझा निकष त्यांना आणि मला एकच आहे.

तिकडच्या चांगल्या गोष्टी मी नाकारत नाही. हवा स्वच्छ आहे, वाचनालयं उत्तम आहेत. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास आपल्या ज्येष्ठांसाठी दिवसभराची केंद्रं आहेत, तिथे आपलं जेवण मिळतं, गप्पा होतात. पण अमेरिका म्हणजे एडिसन नव्हे. बहुतेकांची मुलं अशा उपनगरांत राहतात जिथे दूध आणायलाही गाडी लागते. गाडी चालवता येत नाही त्याने सकाळी आठ ते संध्याकाळी सहा खिडकीतून रस्ता बघायचा आणि शनिवारची वाट पाहायची. पुण्यात स्वतःच्या पायांनी भाजी आणणारा, बँकेत मॅनेजरशी भांडणारा माणूस तिथे वर्षभरात "बाबा, तुम्ही राहू द्या, आम्ही बघतो" या वाक्याखाली दबून जातो. मी अशी माणसं परत आलेली पाहिली आहेत. काहींनी जाताना इथला फ्लॅट विकला होता. ती परत आली भाड्याच्या घरात.

म्हणून इथे राहावं. पण इथे राहणं म्हणजे मुकाट सोसणं असेल तर त्या राहण्यालाही माझा तितकाच विरोध आहे. आपल्या सरकारांनी म्हाताऱ्यांना काय दिलं? कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतलं किमान पेन्शन 2014 मध्ये महिना 1,000 रुपये ठरलं. त्यात आज एका माणसाचं महिन्याचं औषधही येत नाही. गरीब वृद्धांच्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयाला महिना 200 रुपये आहे. एवढी रक्कम ठरवताना कुणाचीही मान खाली गेली नाही? रेल्वेत ज्येष्ठांना भाड्यात चाळीस-पन्नास टक्के सवलत होती. ती मार्च 2020 मध्ये महासाथीच्या नावाखाली काढली आणि साथ सरली तरी परत दिली नाही. सत्तरीपुढच्या सर्वांना पाच लाखांचं आरोग्य संरक्षण ऑक्टोबर 2024 मध्ये मिळालं. ते चांगलंच झालं, पण अनेक मोठी खासगी रुग्णालयं त्या योजनेत नाहीत. मग ते कार्ड घेऊन जायचं कुठे? आणि महापालिका? पुण्याचा फुटपाथ दुचाक्यांना, टपऱ्यांना आणि उखडलेल्या फरश्यांना दिलेला आहे. खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या माणसाला विचारा तो कुठे पडला. जुन्या पुण्यातल्या तीन-चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतींत वरच्या मजल्यांवर किती म्हातारे अडकून पडले आहेत, याची मोजदाद करावीशी एकाही नगरसेवकाला वाटलेली नाही.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. इथे राहणाऱ्यांचं म्हातारपण शुश्रूषा ब्यूरोतून येणाऱ्या बायकांच्या हातांवर उभं आहे. त्यांतल्या कितीतरी जणी मराठवाड्यातून, विदर्भातून आल्या आहेत, आपली मुलं गावी ठेवून. बारा-बारा तास त्या आपलं अंग पुसतात, डायपर बदलतात, रात्री उठतात. त्यांना भविष्य निर्वाह निधी नाही, आठवड्याची हक्काची सुट्टी नाही, आणि पगारातला हिस्सा ब्यूरो कापून घेतो. "आम्ही मुलाच्या घरी फुकट राबणार नाही" असं ज्या तोंडाने म्हणायचं, त्याच तोंडाने मावशींच्या सुट्टीवर कुरकुर करता येणार नाही. त्यांचा पगार थेट त्यांच्या खात्यात भरा, आठवड्याची सुट्टी द्या, त्यांच्या आजारपणाचा खर्च उचला. पैसे कमी पडत असतील तर परदेशातल्या मुलाकडे मागा. विमानाच्या तिकिटांपेक्षा ते जास्त उपयोगी पडतील.

मुलांनो, तुमच्यावर माझा राग नाही. तुमच्या उपायावर आहे. आईची काळजी असेल तर तिच्या इमारतीला लिफ्ट बसवायचा खर्च उचला. वर्षातून एकदा येऊन माळ्यावरच्या बॅगा आवरण्यापेक्षा तिच्या डॉक्टरांना भेटा, विमा कंपनीशी भांडा, घराचे कागद नीट लावून ठेवा. तिने जावं असा आग्रह धरण्याआधी तिथल्या पाच वर्षांच्या विम्याचा आकडा कागदावर लिहून तिला दाखवा आणि मग तिचं उत्तर ऐका.

आणि माझ्या वयाच्या लोकांनो, भावनेच्या भरात सह्या करू नका. जायचंच असेल तर आपलं घर विकून जाऊ नका. मुलांच्या नावाने बक्षीसपत्र करणार असाल तर सांभाळ करण्याची अट त्यात लिहून घ्या. ती अट पाळली नाही तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली ते पत्र रद्द करून मागता येतं. त्याच कायद्याने प्रांताधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणासमोर वकिलाशिवाय दाद मागता येते. शेवटच्या आजारात काय करावं आणि काय करू नये, हे दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये नियम सोपे केले आहेत, नोटरीपुढे सही केली तरी चालते. या तीन गोष्टींना फारसा पैसा लागत नाही, धाक मात्र निर्माण होतो.

मी इथेच राहणार आहे, कारण इथे माझं मत आहे, माझं खातं आहे, माझ्या नावावरचं घर आहे आणि भांडायला माझी भाषा आहे. हे सगळं वापरणार आहे. फुटपाथसाठी वॉर्ड ऑफिसला, लिफ्टसाठी सोसायटीच्या सभेला, सवलतीसाठी खासदाराच्या दाराला आणि नाकारलेल्या प्रत्येक बिलासाठी विमा लोकपालाकडे मी जाणार आहे. तुम्हीही या. आपण सोडून गेलो तर या शहराला म्हाताऱ्यांची आठवण करून द्यायला कोणी उरणार नाही, आणि आपल्यामागून म्हातारे होणाऱ्यांना याहून वाईट शहर मिळेल.