पुढे ढकललं की मागे ढकललं?

शनिवार सकाळ, सातारा. काल रात्री खंबाटकीच्या ट्रॅफिकमधून घरी पोचलो. चहाचा दुसरा कप चालू आहे, आणि गेले चार दिवस डोक्यात घोळणारी एक गोष्ट आज लिहूनच काढायची आहे.

आमच्या टीममध्ये पलूसकडचा एक मुलगा आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग सांगलीत इंजिनिअरिंग. कोड एकदम स्वच्छ. या वर्षीच्या अप्रेझलमध्ये त्याच्या फॉर्मवर एक ओळ आली: कम्युनिकेशन सुधारायला हवं. त्याचा लीड म्हणून मी त्यावर 'साइन ऑफ' केलं. म्हणजे सही केली. मी.

आता ती ओळ कशामुळे आली ते ऐका. बुधवारी डेमो होता. आधीच्या गुरुवारी कॉलवर क्लायंट म्हणाला, डेमो दोन दिवसांनी 'मूव्ह फॉरवर्ड' करतोय. मॅनेजर म्हणाला, इन्व्हाइट आलं की सगळ्यांना 'लूप इन' करतो. या पोराने फॉरवर्ड म्हणजे पुढे असं धरलं आणि शुक्रवारच्या हिशेबाने काम लावलं. डेमो होता सोमवारी. इन्व्हाइट मॅनेजरच्या मेलबॉक्समध्येच राहिलं. मला सोमवार कळला होता, पण त्यालाही कळलाच असणार असं मी गृहीत धरलं. सोमवारी सकाळी बिल्ड तयार नव्हतं.

आता सांगा, कम्युनिकेशन नक्की कोणाचं सुधारायला हवं?

आणि त्याची चूक तरी कसली? लेरा बोरोडित्स्की आणि मायकेल रॅमस्कार या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये नेमक्या याच वाक्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. बुधवारची मीटिंग दोन दिवस 'मूव्ह्ड फॉरवर्ड' झाली, तर आता ती कोणत्या वारी? बाकी काही संदर्भ दिला नाही तर साधारण निम्मे लोक सोमवार म्हणतात, निम्मे शुक्रवार. तेही अमेरिकेत, इंग्रजीतच वाढलेले लोक! म्हणजे जिथे साहेबाचं स्वतःचं एकमत नाही, तिथे आपल्या पलूसच्या पोराचे मार्क कापले.

आपल्याकडच्यांसाठी तर यात दुहेरी खड्डा आहे. 'पुश बॅक' म्हणजे शब्दशः मागे ढकलणं, पण अर्थ पुढे ढकलणं. 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे शब्दशः पुढे आणणं, पण अर्थ अलीकडे घेणं. मराठीत तारीख पुढे ढकलली म्हटलं की साताऱ्यापासून जतपर्यंत कोणालाही शंका येत नाही. त्यात 'पुश बॅक'चा आणखी एक अर्थ म्हणजे विरोध करणं. 'वुई पुश्ड बॅक ऑन द डेट' आणि 'वुई पुश्ड बॅक द डेट' यात एका शब्दाच्या जागेने सगळा मामला उलटा होतो.

हे क्रियापद अधिक शेपूट प्रकरण इंग्रजांच्या घरातलं, पोरं बोलायला लागतात तेव्हापासूनचं. आपण इंग्रजी शिकलो पुस्तकातून. माझ्या वेळी ते पाचवीपासून होतं, महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून झालं. पण शाळेत ठसलं ते 'पोस्टपोन', 'कम्प्लीट', 'कंटिन्यू'. गंमत म्हणजे हेच शब्द जास्त स्पष्ट आहेत! 'पोस्टपोन'चा उलटा अर्थ कोणी लावून दाखवावा. 'प्रीपोन'ला आपण वर्षानुवर्षं हसलो, पण आमचा डेमो त्या दिवशी 'प्रीपोन' झाला असता तर बिल्ड तयार असतं.

माझं खरं भांडण मात्र वेगळंच आहे. न समजणं शिकून भरून काढता येतं. पण ऑफिसात मुरलेले लोक हे शब्द मुद्दाम वापरतात, कारण त्यात लपायला भरपूर जागा आहे. स्टेटस कॉल आठवून बघा. 'इट्स कमिंग अलाँग.' 'वुई विल सर्कल बॅक.' 'द डेट गॉट पुश्ड आउट.' कोणी ढकलली? कोण परत येणार? कधी? काहीच पत्ता नाही, पण ऐकायला कसं कामसू वाटतं! याउलट नवीन पोरगं सरळ सांगतं, 'नॉट डन, टू डेज मोअर', आणि आपण त्याला पॉलिश नाही म्हणतो.

बरं, कामाच्या प्रगतीबद्दल बोलायला त्याच्याकडे भाषा नव्हती असंही नाही. त्याच्या मराठीत काय काय आहे बघा:

करायला घेतलंय – हात लागलाय, बाकी विचारू नका.
करत आणलंय – थोडंच राहिलंय, आणि ते मी करतोय.
होत आलंय – थोडंच राहिलंय, पण करतंय कोण ते सांगत नाही.
करून ठेवलंय – पुढे लागेल म्हणून आधीच तयार.
करून दिलं – समोरच्याच्या हातात पडलं.
करून टाकलं – मानेवरचं ओझं उतरलं.
राहून गेलं – झालं नाही, आणि दोष कोणाचाच नाही (म्हणे).
करून बसलो – शुक्रवारी संध्याकाळी रिलीज केलं, आणि आता शनिवार गेला.

हा शेवटचा प्रकार इंग्रजीत दोन शब्दांत कोणी सांगितला तर माझ्याकडून मिसळ. आणि 'फॉलो अप'ला आपल्याकडे 'पाठपुरावा' आहे, जो काम होईपर्यंत सोडायचा नसतो. आपला फॉलो अप बहुतेक वेळा एक मेल टाकून संपतो.

म्हणून मराठी फार पवित्र आहे असं मुळीच नाही. वरच्या यादीतच दोन चोरवाटा आहेत. अंघोळीला जाता जाता फोनवर 'निघालोच' म्हणणारी माणसं आपलीच. आणि सरकारी मराठीतलं 'काम प्रगतिपथावर आहे' तर सगळ्यांचा बाप. बच्छावत लवादाने १९७६ च्या अंतिम निवाड्यात महाराष्ट्राला कृष्णेचं ५६० टीएमसी पाणी दिलं, आणि ३१ मे २००० नंतर फेरविचार होऊ शकेल अशी तरतूद ठेवली. त्याआधी पाणी अडवायचं म्हणून १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ काढलं. २००० साल आलं आणि गेलं. टेंभू, म्हैसाळ योजनांची कामं त्यानंतरही वर्षानुवर्षं प्रगतिपथावरच होती, आणि आटपाडी-जतची माणसं टँकरची वाट बघत होती. आपल्या स्प्रिंटमध्ये आठवडा घसरला तर फार तर एक चार्ट लाल होतो. तिथे बागा वाळल्या.

तेव्हा प्रश्न इंग्रजी की मराठी हा नाहीच. प्रश्न विचारणाऱ्याचा आहे. आमचे आबा, म्हणजे माझे चुलते, कराडजवळ ऊस करतात. मागच्या हंगामात कारखान्याचा चिटबॉय बांधावर आला, तेव्हा मी तिथेच होतो.

"आबा, तुमचा नंबर लागत आलाय बघा."

"लागत आलाय म्हंजे? पुढं किती फड हायत ते सांग."

"सात."

"आन टोळ्या?"

"दोनच हायत सध्या."

"मग आठ-धा दिस तरी जात्यात. एक पाणी देऊन घेतो."

संपली मीटिंग! आबांनी ना आवाज चढवला, ना त्याची भाषा सुधारली. किती राहिलंय आणि किती हात आहेत, दोनच प्रश्न. आणि उत्तरावरून लगेच पुढचा निर्णय. आमच्या ऑफिसात याच कामासाठी सर्टिफिकेट घेतलेली तीन माणसं आहेत.

"मग काय क्लायंटशी मराठीत बोलायचं का?" असं कोणीतरी म्हणणारच. नाही हो. क्लायंट त्याच्या घरातलं इंग्रजी बोलणार, तो त्याचा हक्क आहे, आणि ते आपल्याला समजलंच पाहिजे. नवीन पोरांना बसवून नेहमीची तीस-चाळीस शेपटं शिकवा, दोन दुपारचं काम आहे. पण आपण बोलताना तरी कोण, काय आणि कोणत्या तारखेला, हे तीन सांगितल्याशिवाय वाक्य संपवू नका. वार आणि तारीख दोन्ही म्हणा. पुढे-मागे शब्दच नको. आणि ज्याला 'सर्कल बॅक' कळत नाही त्याचे मार्क कापण्याआधी, जो 'सर्कल बॅक' म्हणून कधीच परत येत नाही त्याचे कापा.

असो. दुसऱ्याला शहाणपण शिकवणं सोपं आहे. 'ते जरा बघायला हवं' असं मी गेले चार दिवस स्वतःशी म्हणतोय, आणि वरच्या यादीत बसवलं तर त्याचा अर्थ शून्य होतो. सोमवारी सकाळी अकराला मॅनेजरसमोर बसून, त्या कॉलवर काय झालं आणि त्यात माझं काय चुकलं हे सांगून, त्या मुलाच्या फॉर्मवरची ओळ मी बदलायला लावणार आहे. ऐकलं नाही तर माझी सही काढून घेतोय असं लेखी देणार आहे. मग पोराला स्वतः सांगणार, कारण सहा महिने झाले, त्याने मला एका शब्दाने विचारलेलं नाही.

बघा पटतंय का.