जिवांची खतावणी



या सदरातून आजवर ठेवी, वारसनोंद, विमा आणि मृत्युपत्र अशा विषयांवर लिहीत आलो. या वेळी विषय दिला तो आमच्या नातीच्या वहीने. ती यंदा दहावीत आहे. ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ भाग २ मधील ‘पर्यावरणीय व्यवस्थापन’ हा पाठ तिला मुखोद्गत होता. जैवविविधतेचे आनुवंशिक, प्रजातींची आणि परिसंस्थांची असे तीन स्तर तिने एका दमात म्हणून दाखविले. मीही कौतुक केले.

हा विषय शाळेपर्यंत आला त्यामागे न्यायालयाचा आदेश आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याचे निर्देश दिले. बारा वर्षे उलटूनही पुरेशी अंमलबजावणी न झाल्याने १८ डिसेंबर २००३ रोजी न्यायालयाला ते पुन्हा बजावावे लागले. एवढ्या खटाटोपाने आलेला विषय आपण व्याख्या पाठ करून गुणपत्रिकेत जमा करतो आणि वही मिटतो.

नातीला मात्र एक छोटा प्रकल्पही दिला होता. घराजवळ अर्धा तास बसून दिसलेले पक्षी मोजावयाचे होते. आमच्या हिंगोलीच्या घराच्या अंगणात सौ. रोज सकाळी ज्वारीचे दाणे टाकते. तिच्या सासूबाईंपासून चालत आलेला हा नेम आहे. नातीने तेथेच बसून मोजणी केली. एकूण पक्षी सत्तर. मोठ्या आनंदाने तिने वही दिली आणि ती एका प्रश्नासह परत आली : ‘संख्या मोठी आहे, प्रकार किती?’

ज्यांच्या घरी अजूनही दिवाळीला वहीपूजन होते, त्यांना या प्रश्नाचे मर्म सांगावयास नको. कीर्दीत दिवसभराच्या रकमा क्रमाने येतात, खतावणीत प्रत्येक खाते वेगळे निघते. उलाढाल कीर्दीवरून दिसते, परंतु पेढीची प्रकृती खतावणीवरून कळते. सत्तर पक्षी ही कीर्द झाली. आम्ही दोघांनी मिळून खतावणी केली, तेव्हा खाती निघाली चार. कबुतरे एकसष्ट, साळुंक्या चार, कावळे तीन, बुलबुल दोन. बँकेत असताना एकाच कर्जदाराकडे एवढी रक्कम अडकलेली दिसली असती, तर मला त्या रात्री झोप आली नसती.

पुढच्या रविवारी आम्ही गावाबाहेर कयाधूच्या काठी गेलो. तेथे अर्ध्या तासात बत्तीसच पक्षी दिसले, पण प्रकार निघाले चौदा : खंड्या, टिटवी, ढोकरी, बगळा, वेडा राघू, कोतवाल, सुगरण, भारद्वाज, होला, दयाळ, धोबी, साळुंकी, कावळा आणि बऱ्याच दिवसांनी भेटलेली चिमणी. निम्म्या नावांसाठी मला तेथे गुरे चारणाऱ्या गृहस्थांना विचारावे लागले. आयुष्य या जिल्ह्यात गेले, आणि शेजाऱ्यांची नावे ठाऊक नव्हती.

‘आनुवंशिक विविधता’ हा शब्द तर आपल्या पेढीशी थेट निगडित आहे. हळद हे आपल्या बाजाराचे भूषण आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु हळद बियांपासून लावीत नाहीत, ती बेण्यापासून, म्हणजे कंदापासून लावतात. त्यामुळे एका वाणाचे शेत म्हणजे एकाच मातेच्या हुबेहूब नकला. आपल्याकडे ‘सेलम’ वाणाचा वरचष्मा आहे आणि उत्पन्नाच्या दृष्टीने ते स्वाभाविकही आहे. मात्र पाणी साचून कंदकूज लागली, तर पहिल्या रोपाजवळ जी प्रतिकारशक्ती नाही ती शेजारच्या रोपाजवळही नसते. निरनिराळे वाण जपून ठेवणे ही त्या दिवसासाठी ठेवलेली गंगाजळी होय. तिच्यावर दरवर्षी व्याज दिसत नाही, म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही.

येथे माझी एक चूक कबूल केली पाहिजे. कर्जप्रकरणांच्या पाहणीसाठी मी अनेक वर्षे शेते पाहिली. विहीर, पंप, बैलजोडी, उभे पीक या सर्वांसाठी माझ्या कागदावर रकाने होते. बांधावरच्या बाभळी, बोरी आणि हिवर यांच्यासाठी मात्र रकाना नव्हता. ती जागा मी ‘पडीक’ म्हणून नोंदवीत असे. इतकेच नव्हे, ‘बांध साफ करून घ्या, क्षेत्र वाढेल’ असा सल्लाही देत असे. अनेकांनी तो मानला. सुगरणीची घरटी, होल्याची अंडी, मुंगसाचे बीळ अशी त्या बांधांवरची किती खाती माझ्या शब्दाखातर बंद झाली, याचा हिशेब आता लागणे नाही.

हे सारे मी घरी बोलत असताना सौ. शांतपणे ऐकत होती. मग तिने विचारले, “म्हणजे इतक्या वर्षांचे माझे दाणे वाया गेले का?”

२०२५ साली मुंबईतील कबुतरखान्यांवरून जो वाद झाला, त्यात मला शिरावयाचे नाही. माझ्यापुढचा प्रश्न घरातला होता आणि तो एका श्रद्धाळू स्त्रीचा होता. भुकेल्या जिवाच्या मुखी दाणा पडला, ते पुण्य कोणी पुसू शकत नाही. पण जीवदया समोर आलेल्या जिवाला पाहते. जे जीव आपल्या अंगणात येतच नाहीत, ज्यांना दाणा नव्हे तर काटेरी झुडूप, डबके किंवा झाडाची ढोली हवी आहे, त्यांचे काय? त्यांची राहण्याची जागा राखणे, हीही दयाच. पाठ्यपुस्तकात तिलाच संवर्धन म्हटले आहे.

उत्तर मला आपल्याच आचारात सापडले. श्रावकाला पंच उदुंबर फळांचा त्याग सांगितला आहे. वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांत असंख्य सूक्ष्म जीव असतात, म्हणून ती खावयाची नाहीत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. विज्ञान त्याचीच पुढची ओळ सांगते. उंबराचे फळ म्हणजे आत वळलेल्या असंख्य फुलांचा गुच्छ असतो. गांधीलमाशीच्या वर्गातील अगदी बारीक कीटक आत शिरून परागीभवन करतात आणि तेथेच अंडी घालतात. कीटक नसतील तर उंबराला बी धरणार नाही, आणि उंबर नसेल तर त्या कीटकांना घर नाही. पिकलेल्या फळांवर पक्षी, खारी आणि वटवाघळे जगतात आणि बी दूरवर नेतात. जे फळ आपण सोडले, त्यावर एवढे कुटुंब पोसले जाते. सौ.ने दाणे बंद केले नाहीत, मूठ मात्र लहान केली. आमच्या शेताच्या बांधावर या पावसाळ्यात तिच्याच हातून उंबराचे रोप लागले. तो बांध पूर्वी मीच साफ करविला होता.

वाचकांना दोन विनंत्या आहेत. जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोकांच्या साहाय्याने ‘लोकजैवविविधता नोंदवही’ तयार करावयाची असते. मुलांना सोबत घेऊन ती पाहावयास मागा. वाचा, आणि तिच्यात आपल्या माहितीची भर घाला.

दुसरी विनंती खास आडत आणि किराणा व्यवसायातील घरांना. माळ्यावर आजोबा-पणजोबांच्या जुन्या वह्या असतील. एखाद्या दुपारी त्या नातवंडांसमोर उघडा. सोयाबीनचे दिवस येण्यापूर्वी कोणकोणता माल आपल्या दारी उतरत असे, ज्वारीचे कोणते वाण, करडई, जवस, अंबाडी, तीळ किती येत आणि कोणत्या गावाहून, हे त्यांना वाचू द्या. जो माल पुढे येईनासा झाला, त्याची यादी करावयास सांगा. पाठातली व्याख्या तेथे घरच्या शाईने लिहिलेली सापडेल.

अशी यादी कोणी केली, तर ती या सदराकडे अवश्य पाठवावी. नात तिची खतावणी करावयास तयार आहे.