बॅकअपचं बटण नावाची फसवणूक

मंडळी, आज भांडायचंय. तेही आपल्याच जमातीशी, म्हणजे प्रोग्रामर लोकांशी.

उल्हासनगरातलं फर्निचरचं दुकान घ्या, अंबरनाथ एमआयडीसीतला छोटा कारखाना घ्या, नाहीतर बदलापुरातला दवाखाना. कुणा ओळखीच्याने लिहून दिलेलं सॉफ्टवेअर, खाली एसक्यूएल सर्व्हरची फुकट एक्स्प्रेस आवृत्ती आणि मेन्यूत एक बटण : 'बॅकअप'. दाबलं की 'बॅकअप यशस्वी' असा मेसेज. शेठ खूश, आपण खूश!

हे बटण येतं कुठून? एक्स्प्रेसमध्ये ठरल्या वेळी कामं उरकणारा एजंट नसतो. मग आपण एका ओळीची कमांड बटणाला चिकटवतो आणि मोकळे होतो. पण ती कमांड चालवतो सर्व्हर. म्हणजे काउंटरवरच्या मशीनवरून 'डी ड्राइव्ह' म्हटलं तरी फाइल पडते सर्व्हरच्या डीवर. बहुतेक वेळा मूळ डेटा असतो त्याच डिस्कवर. डिस्क उडाली की दोन्ही गेलं.

आणि आपल्याकडे नुसती डिस्कच उडत नाही हो. २६ जुलै २००५ विसरलात? २७ जुलै २०१९ ला तर उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या मध्ये अख्खी महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, हजारावर प्रवासी सोडवावे लागले. तिथे तळमजल्यावर टेबलाखाली ठेवलेल्या सीपीयूची काय कथा?

यावर ठरलेलं उत्तर : "पेन ड्राइव्हवर कॉपी करायला सांगितलं होतं." अहो, तो लाकूड विकतो, डीबीए नाहीये! आणि डीबीए असून तरी काय? ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला, तेव्हा कळलं की रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे गुपचूप फेल होत होता. एका इंजिनिअरने सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी स्नॅपशॉट घेतला होता म्हणून निभावलं. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच.

माझं म्हणणं सरळ आहे. बॅकअप माणसाच्या आठवणीवर सोडू नका. विंडोजचा टास्क शेड्युलर फुकट आहे, रोज रात्री त्याच्याकडून घ्या. एक प्रत एन्क्रिप्ट करून इमारतीबाहेर पाठवा. आणि ती दुसऱ्या नावाने रिस्टोअर करून कालचं शेवटचं बिल दिसतंय का, ते तपासा. नुसतं 'व्हेरिफाय' करून भागत नाही. त्याने फाइल वाचता येते एवढंच कळतं, आतला डेटा धड आहे की नाही ते नाही. स्क्रीनवर 'यशस्वी'ऐवजी शेवटच्या यशस्वी रिस्टोअरची तारीख दाखवा. जुनी झाली तर लाल रंगात.

दोन दिवसांचं जास्तीचं काम आहे. त्याचे पैसे मागा, लाजू नका.

आणि एवढं करायचं नसेल तर निदान बटणावर खरं नाव तरी लिहा : 'त्याच डिस्कवर आणखी एक फाइल'.