स्वाध्यायाला तपासनीस हवा

नेमलेला अभ्यासक्रम, अखंड सराव आणि ठरलेली परीक्षा या त्रयीवर ‘लातूर पॅटर्न’ने नाव मिळविले, नांदेडही त्याच वाटेने पुढे आले. परंतु स्पर्धा परीक्षेत हुकलेला पदवीधर जेव्हा घरच्या घरी सॉफ्टवेअरची विद्या शिकू पाहतो, तेव्हा ही त्रयी त्याच्या कामी येत नाही. 2017 पासून केंद्र सरकारच्या ‘स्वयं’वर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य ऐकावयास मिळतात. तेव्हा वानवा पाठांची नव्हे, चूक दाखविणाऱ्याची आहे. प्रोग्रॅम चालला म्हणजे तो निर्दोष असतोच असे नाही. जाणत्याने तो वाचून दोष सांगावा लागतो. असा जाणता गावी न भेटल्यामुळेच आमचा तरुण पुण्याची गाडी धरतो.

नांदेडचे गुरू गोविंदसिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय 1981 सालचे, तर स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ 1994 सालचे; विद्यापीठाचे उपकेंद्र लातुरातही आहे. या संस्थांनी आपल्या संगणकशाळा सायंकाळी बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी खुल्या ठेवाव्यात आणि अध्यापकांनी आठवड्यातून एकदा त्यांचे काम तपासून द्यावे. उद्योजकांनीही पदवीच्या कागदाआधी हे तपासलेले काम पाहावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.