घरीं जुळवावयाचा संगणक

जून महिना जवळ आला कीं सोलापूरच्या आमच्या वाचकांकडून एकाच आशयाचीं पत्रें येऊं लागतात. कन्येस अभियांत्रिकीच्या वर्गांत जावयाचें असतें, धाकट्याची शाळा सुरू व्हावयाची असते, वडिलांस हिशेब व पत्रव्यवहार ह्यांसाठीं आणि आजोबांस जुनीं छायाचित्रें नीट लावून ठेवण्यासाठीं संगणक हवा असतो. घरांत येणार तो एकच, आणि त्यासाठीं बाजूस टाकलेली रक्कम बेताची. अशा वेळीं तयार यंत्र घ्यावें कीं सुटे भाग आणून घरीं जुळवावें, असा प्रश्न असतो.

आमचें मत जुळवावें असेंच आहे. कारण अशा यंत्राचा एक भाग बिघडला तर तेवढाच बदलतां येतो, आणि पुढें गरज वाढली तर सारें यंत्र टाकून द्यावें लागत नाहीं. जुळणी ही एक स्क्रू-ड्रायव्हर, एक दुपार व थोडा धीर एवढ्यानें होते. इंटेल कंपनीनें १९९५ सालीं एटीएक्स हें माप ठरवून दिलें, आणि त्या मापानें केलेला एका कारखान्याचा मदरबोर्ड दुसऱ्याच्या कॅबिनेटांत बसतो. बाजारांतील भागांतून केवढें काम उभें राहतें, ह्याचा दाखला आपल्या महाराष्ट्रांतच आहे. परदेशांतून महासंगणक मिळेना, तेव्हां १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, डॉ. विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखालीं तिनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ सिद्ध केला, त्यांतील ट्रान्सप्यूटर हे ब्रिटिश बनावटीचे विकत मिळणारे प्रोसेसर होते. तेव्हां खरें कौशल्य निवडण्यांत आहे.

निवडीचा आरंभ दुकानांत नव्हे, घरीं करावा. कोणास कोणतें काम करावयाचें तें कागदावर लिहावें, आणि जिचा अभ्यास त्या यंत्रावर अवलंबून आहे तिचें काम यादींत सर्वांत वर असावें. लेखन, हिशेब, व्याख्यानें ऐकणें, प्रोग्राम लिहिणें, छायाचित्रें जपणें, ह्यांपैकीं एकाही कामास निराळें ग्राफिक्स कार्ड लागत नाहीं. एवढ्यासाठीं तें घेणें म्हणजे नाकापेक्षां मोती जड. चित्र उमटविण्याची सोय पोटांतच असलेला प्रोसेसर पुरेसा होतो. एएमडीचा रायझन ५ ५६००-जी (२०२१) किंवा इंटेलचा कोअर आय३-१२१०० (२०२२) हे ह्या जातीचे आहेत. येथें एका अक्षराकडे लक्ष द्यावें. इंटेलच्या प्रोसेसरचें नांव ‘एफ’नें संपत असेल, तर ती सोय त्यांत नसते. तो थोडा स्वस्त पडतो म्हणून पुष्कळ जण घेऊन येतात, आणि कार्ड घेईपर्यंत पडदा काळा तो काळाच राहतो. तसेंच पहिल्यास एएम४ व दुसऱ्यास एलजीए १७०० ह्या बैठकीचा बोर्ड लागतो. एकाचा दुसऱ्यास चालत नाहीं.

स्मृतीचे दोन प्रकार आमच्या भगिनींस स्वयंपाकघरावरून सहज समजतील. रॅम म्हणजे ओटा आणि एसएसडी म्हणजे कोठी. ओटा अपुरा असला तर कोठींत कितीही धान्य असो, काम तुंबतें. म्हणून सोळा जीबी रॅम असावी, आणि ती आठ-आठच्या दोन पट्ट्यांत घ्यावी. अंगचें ग्राफिक्स हीच स्मृति वापरतें, आणि दोन वाटांनीं तिला माल लवकर पोंचतो. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांची मागणी वाढून रॅमचे भाव फार चढले. ज्यांस तें झेपत नसेल त्यांनीं आज एकच पट्टी घेऊन दुसरी जागा मोकळी ठेवावी. डीडीआर४ व डीडीआर५ ह्या पट्ट्या परस्परांच्या जागीं बसत नाहींत, हें मात्र बोर्ड घेतांनाच पाहावें. कोठीसाठीं पांचशें जीबीची एसएसडी पुरे. घरांत जुनी हार्ड डिस्क चांगली असेल तर छायाचित्रांची दुसरी प्रत तिच्यांत ठेवावी.

आतां ज्या भागाकडे कोणी पाहत नाहीं त्याविषयीं. कॅबिनेटाबरोबर ‘फुकट’ मिळणारा विनानांवाचा एसएमपीएस घरीं आणूं नये, असें आम्ही निक्षून सांगतों. भिंतींतील २३० व्होल्टांची वीज घेऊन ती १२, ५ व ३.३ व्होल्टांवर उतरविणें आणि प्रत्येक भागास पुरविणें हें त्याचें काम. तो ढांसळला तर एकटा जात नाहीं. बोर्ड, प्रोसेसर व डिस्क ह्यांस बरोबर घेऊन जाऊं शकतो, आणि वर्षभराची शिल्लक एका क्षणांत जाते. वर सांगितलेल्या यंत्रास ४५० वॅटांचा संच पुष्कळ झाला. पण तो नांवाजलेल्या कारखान्याचा असावा, आणि जादा दाब व शॉर्ट सर्किट ह्यांपासून संरक्षण असल्याचें त्यावर लिहिलेलें असावें. सोलापुरांत एप्रिल-मेमध्यें पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, आणि अशा उष्णतेनें एसएमपीएसमधील कपॅसिटर लवकर जीर्ण होतात. यंत्रमागांच्या वस्तींत तर कापसाचे तंतु पंख्यांत अडकतात. म्हणून रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटापेक्षां जाळीचें, धुतां येणाऱ्या गाळणीचें कॅबिनेट घ्यावें, आणि दर दोन महिन्यांनीं तें पुसावें. घरच्या प्लगास अर्थिंग आहे कीं नाहीं हें वायरमनकडून पाहून घ्यावें. लहान यूपीएस असल्यास वीज गेली तरी चाललेलें काम जपून ठेवण्यापुरता वेळ मिळतो.

पुण्याच्या किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारांत भाव कमी पडतील. पण पुणें येथून सुमारें अडीचशें किलोमीटर दूर आहे, आणि हमीच्या कामासाठीं पुन्हां जावें लागल्यास वांचलेले पैसे भाड्यांत जातात. थोडाच फरक असेल तर गांवांतल्या दुकानदाराकडूनच घ्यावें, आणि प्रत्येक भागाच्या क्रमांकासह पक्कें बिल मागावें. जुनें कार्यालयीन यंत्र स्वस्त मिळतें म्हणून घेणाऱ्यांनीं हें लक्षांत घ्यावें कीं विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद झाली, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वींच्या प्रोसेसरांस अधिकृतपणें मान्य करीत नाहीं. परवान्याचा खर्च टाळावयाचा असेल तर लिनक्स विनामूल्य आहे, आणि त्यावर मराठी लेखन उत्तम होतें.

अंथरूण पाहून पाय पसरावे, हें खरें. पण अंथरुणाचा कोणता भाग जाड असावा, हेंही पाहिलें पाहिजे. यादी करण्याचें व जुळणीचें काम पालकांनीं मुलीच्याच हातीं द्यावें, आणि चुका होतील ह्या भीतीनें तें दुसऱ्या कोणाकडे सोंपवूं नये. यंत्र तिनें स्वतः निवडून उभें केलें म्हणजे पुढें तें अडलें तरी पेटी उघडण्यास ती कचरणार नाहीं.